सुटे भाग आणि सुटलेला भरवसा

मोटारगाडीतील सुरक्षा-भाग म्हणजे असे भाग, जे गाडी घेताना सगळ्यांना हवे असतात, गाडी चालवताना कोणालाच नको असतात आणि गाडी आपटल्यावर ‘होते कुठे?’ म्हणून शोधले जातात. सीटबेल्ट, एअरबॅग, ब्रेक आणि बेल्ट न लावल्यास कोकलणारा भोंगा ही त्यांची ठळक उदाहरणे. हे भाग चालू आहेत की बंद, हे रोजच्या वापरात कळत नाही. एसी बिघडला तर पाचव्या मिनिटाला घाम फुटतो. हॉर्न बिघडला तर सिल्वासातला किलवणी नाका ओलांडणेच अशक्य होते. एअरबॅग मात्र दहा-दहा वर्षे डॅशबोर्डात घडी घालून बसलेली असते. तिची परीक्षा एकदाच होते, पेपर एका सेकंदाच्या तिसाव्या हिश्शाचा असतो आणि त्याला एटीकेटीची सोय नसते.

सुरक्षा-भागांतील दोष दोन प्रकारचे असतात: जन्मजात आणि मालककृत. जन्मजात दोष कारखान्यात तयार होतो आणि तो शोधायला इंजिनिअर लागतात. मालककृत दोष घरच्या अंगणात, रविवारी सकाळी, चहा घेता घेता तयार होतो आणि तो कोणी शोधूही जात नाही, कारण मालक त्याला ‘ॲक्सेसरी’ म्हणतो.

जन्मजात दोषांच्या इतिहासात ताकाता या जपानी कंपनीचे स्थान अढळ आहे. एअरबॅग फुगवायला क्षणार्धात वायू तयार करणारा एक छोटा डबा लागतो. त्याला इन्फ्लेटर म्हणतात. ताकाताने या डब्यात अमोनियम नायट्रेट भरले. हे रसायन स्वस्त होते, पण उष्णता आणि दमट हवा वर्षानुवर्षे सोसली की ते बिघडत असे. मग टक्कर झाल्यावर पिशवी फुगण्याऐवजी डबाच फुटे आणि त्याचे धातूचे तुकडे ज्याला वाचवायचे त्याच्याच अंगावर येत. २००८ पासून गाड्या परत बोलावायला सुरुवात झाली. हळूहळू जगभरच्या बड्या कंपन्या त्यात ओढल्या गेल्या, एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर बदलण्याच्या यादीत गेले आणि जून २०१७ मध्ये ताकाताने दिवाळखोरी जाहीर केली. भारतातही याच कारणासाठी गाड्या परत बोलावल्या गेल्या. जानेवारी २०१८ मध्ये होंडाने २०१३ साली बनवलेल्या २२,८३४ गाड्यांची यादी काढली, त्यात बहुतेक सिटी होत्या.

उष्णता आणि दमट हवा या दोन गोष्टींचा पुरवठा दमणगंगेच्या खोऱ्यात कधी कमी पडलेला नाही. दादरा आणि नगर हवेलीतले किलवणी हे गाव आणि त्याच्या नावाचा सिल्वासातला नाका, दोन्हीकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पापड मऊ पडतात, काडेपेटी पेटत नाही आणि दरवाजे फुगून चौकटीत अडकतात. घरातल्या सगळ्या वस्तूंवर दमट हवेचा परिणाम होतो हे इथे शेंबडे पोरही जाणते. तरी डॅशबोर्डातल्या डब्यावरही तो होत असेल, असे सांगितले की लोक सांगणाऱ्याकडेच संशयाने बघतात.

देशी उदाहरणेही हवी तेवढी आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये मारुती सुझुकीने ९,१२५ गाड्या परत बोलावल्या, कारण पुढच्या सीटबेल्टची खांद्याजवळची उंची जुळवणाऱ्या भागात दोष असण्याची शक्यता होती. पुढच्याच महिन्यात, १८ जानेवारी २०२३ रोजी, त्याच कंपनीने एअरबॅगच्या कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या बोलावल्या. ऑल्टो के१०, एस-प्रेसो, ईको, ब्रेझा, बलेनो, ग्रँड विटारा अशी सगळी भावंडे त्या यादीत होती. शिवाय भाग बदलून होईपर्यंत गाडी वापरू नका, असा सल्लाही कंपनीने दिला. सल्ला चोख होता. पण भारतीय मनाला त्यातून लगेच एक तात्त्विक प्रश्न पडला: वापरायची नाही, तर भाग बदलायला न्यायची कशी? काहींनी या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत गाडी नेहमीसारखी वापरली.

गाड्या परत बोलावण्याचे शास्त्र भारतात तसे अलीकडचे. जुलै २०१२ मध्ये वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने स्वेच्छेची संहिता आणली. तेव्हा दोष कंपनीचा, तो शोधणार कंपनी, आणि सांगायचा की नाही तेही कंपनीच ठरवणार, असा घरगुती मामला होता. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ११०-अ हे कलम आले आणि सरकारला सक्तीने गाड्या परत बोलावायला लावण्याचा अधिकार मिळाला. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे सक्तीची वेळ आली तर कंपनीला १० लाख ते १ कोटी रुपये दंड होऊ शकतो. गाडी मात्र सात वर्षांच्या आतली हवी. त्याहून जुन्या गाडीचा दोष हा दोष न राहता स्वभाव मानला जात असावा.

परत बोलावण्याच्या निवेदनाची स्वतंत्र भाषा आहे. तिच्यात दोष कधीही ‘असत नाही’, त्याची ‘शक्यता नाकारता येत नाही’. गाड्या कधीही ‘बिघडलेल्या’ नसतात, त्या ‘संशयित’ असतात. कंपनी चूक कबूल करत नाही, ‘ग्राहकहिताला सर्वोच्च प्राधान्य’ देते. दुरुस्ती ‘पूर्णपणे मोफत’ असते. हे शेवटचे दोन शब्द धीर देण्यासाठी घातलेले असतात, पण भारतात नेमके तेच घात करतात.

“बाबा, कंपनी बेल्टचा भाग फुकट बदलून देतेय.”

“फुकट? कंपनी? मग प्रकरण फारच गंभीर दिसतंय.”

“म्हणूनच जाऊन या ना.”

“छे, छे. एकदा गाडी आत घेतली की आणखी चार गोष्टी काढतील. आपली गाडी आहे ती बरी आहे.”

निवेदनानंतर पत्र येते, एसएमएस येतो, फोन येतो. ते कोणाला येतात, हा मात्र वेगळा अभ्यासविषय आहे. किलवणी नाक्यावर अर्धा तास उभे राहिले तर डीएन ०९, जीजे १५ आणि एमएच ४८ अशा तिन्ही प्रदेशांच्या पाट्या एकापाठोपाठ एक दिसतात. त्यातल्या कित्येक गाड्या दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मालकाकडे आहेत. पहिला मालक वलसाडला, दुसरा वापीला, तिसरा मसाटच्या कारखान्यात शिफ्टला. कंपनीच्या कागदावर मात्र अजून पहिलाच. त्यामुळे संवाद होतो तो असा:

“काका, तुमच्या गाडीच्या एअरबॅगमध्ये प्रॉब्लेम निघालाय.”

“ती गाडी मी कधीच विकली.”

“कोणाला?”

“एका एजंटाला. तो म्हणाला, कागद लगेच नावावर करतो.”

‘लगेच’ हे वाहन-हस्तांतरणातील कालमापनाचे एकक असून त्याची लांबी अजून कोणी मोजलेली नाही. सावधगिरीचा इशारा अशा रीतीने ज्याची गाडी गेली त्याच्याकडे जातो आणि ज्याच्याकडे गाडी आहे तो निश्चिंत राहतो. पहिला मालक हळहळतो, ‘बरं झालं विकली’ म्हणतो आणि हा आनंद आठवडाभर ऑफिसात वाटतो. नव्या मालकाचा फोन नंबर त्याच्याकडे असतो, पण ‘उगाच कशाला त्याला घाबरवायचं’ असा विचार करण्याइतका तो दयाळूही असतो.

पत्र योग्य माणसाला मिळाले आणि त्याने ते मनावर घेतले, असा दुर्मिळ योग आला तर पुढचा टप्पा सेवाकेंद्राचा. तिथे गाडी आत जाते, जॉब कार्ड निघते आणि मालकाला काचेपलीकडच्या खोलीत बसवून मशीनचा चहा दिला जातो. हा चहा मोफत असतो, आणि तो प्यायल्यावर मोफत गोष्टींबद्दलचे मालकाचे मूळ मत पक्के होते. तासाभराने टापटीप शर्टातला सल्लागार हातात पॅड घेऊन येतो.

“सर, रिकॉलचं काम लिहून घेतलंय. पण पार्ट स्टॉकमध्ये नाही. आला की फोन करतो.”

“मग आज काय झालं?”

“वॉशिंग केलंय, सर. आणि वायपर बदलायला झालेत, मागचे ब्रेक पॅड झिजलेत, एसीचा फिल्टर भरलाय. एस्टिमेट काढू का?”

ब्रेक पॅड खरोखरच झिजलेले असतात, ही यातली शोकांतिका. पण ज्या मुखातून फुकट भागाची नकारघंटा वाजली, त्याच मुखातून विकतच्या भागांची यादी आली की ऐकणाऱ्याचा कान बंद होतो. मालक बिल बघतो, गाडी बघतो, बिल पुन्हा बघतो आणि मनातल्या मनात कंपनीशी असलेले नाते तोडून टाकतो. इथून पुढे त्याची गाडी गॅरेजच्या आश्रयाला जाते.

गॅरेज ही स्वतंत्र संस्कृती आहे. तिथे काचेची खोली नसते, जॉब कार्ड नसते, आणि मुख्य म्हणजे तिथल्या मिस्त्रीने आजवर कोणताही दोष स्वतःकडे घेतलेला नसतो. सेवाकेंद्र ‘शक्यता नाकारता येत नाही’ म्हणते. मिस्त्री बॉनेट उघडायच्या आधीच ‘काही होत नाही’ म्हणतो. ग्राहक कोणाच्या बाजूने जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

“दादा, हा एअरबॅगचा दिवा सारखा पेटतोय.”

“गाडी चालायला काही त्रास?”

“गाडीला नाही, डोळ्यांना होतो.”

“मग काय शेठ! दहा मिनिटांत बंद करून देतो.”

दहा मिनिटांत दिवा खरोखर बंद होतो. तो कसा होतो, यातच या व्यवसायाची बुद्धिमत्ता आहे. गाडीचा कंट्रोलर एअरबॅगच्या तारेत ठरावीक रोध आहे ना, एवढेच तपासत असतो. एअरबॅग फुटून गेली असेल, काढून टाकली असेल किंवा कधी नव्हतीच, तरी तिच्या जागी दोन-चार रुपयांचा एक रेझिस्टर जोडला की कंट्रोलरची समजूत पटते. डॅशबोर्ड शांत होतो. त्याहून सोप्या शाखेत दिव्यावर काळी टेप लावतात. रोग तसाच ठेवून थर्मामीटर फोडण्याची ही पद्धत स्वस्त आहे, झटपट आहे आणि तिच्याविरुद्ध आजवर एकाही ग्राहकाची तक्रार आलेली नाही. तक्रार येण्यासाठी आवश्यक असलेली परिस्थिती मोठी विचित्र असते, हे त्याचे कारण.

गॅरेजच्या मागे सुट्या भागांचा बाजार उभा असतो. त्यात मालाच्या चार जाती: ‘कंपनीचा’, ‘ओरिजिनल’, ‘ओरिजिनलसारखा’ आणि ‘चालतो’. नवख्याला पहिल्या दोन एकच वाटतात. ‘कंपनीचा’ म्हणजे कंपनीने बनवलेला, आणि ‘ओरिजिनल’ म्हणजे ज्याचे खोके कंपनीने बनवलेले. होलोग्राम, क्यूआर कोड, एमआरपीचा कागद हे सगळे खोक्यावर जागच्या जागी असते, आतला ब्रेक पॅड मात्र कोणत्या गल्लीत जन्मला ते त्यालाही माहीत नसते. ही मजल एअरबॅगपर्यंत गेली आहे. मे २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी मध्य दिल्लीत छापा घालून निरनिराळ्या १६ कंपन्यांच्या नावांच्या ९०० हून अधिक बनावट एअरबॅग पकडल्या. एका छोट्या जागेत सोळा स्पर्धक कंपन्या एकोप्याने नांदत होत्या, असे दृश्य वाहनउद्योगात एरवी बघायला मिळत नाही.

आता मालककृत दोषांकडे वळता येईल. या शाखेत भारतीय ग्राहकाने जी प्रतिभा दाखवली आहे, तिच्यापुढे ताकाताचे इंजिनिअर बालवर्गातले ठरावेत.

पहिला मान बेल्टच्या खोट्या क्लिपचा. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना चालकासाठी एअरबॅग, बेल्टची आठवण देणारा भोंगा आणि वेगाचा इशारा सक्तीचा झाला. वेग ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गेला की हा इशारा अधूनमधून वाजतो, १२० च्या पुढे थांबतच नाही. बेल्टच्या भोंग्यावर उपाय म्हणून बाजारात एक चपटी धातूची क्लिप आली. ती बेल्टच्या खाचेत खुपसली की गाडीला वाटते, माणूस बांधला गेला. किंमत शे-दीडशे रुपये. म्हणजे आठ-दहा लाखांच्या गाडीतील सुरक्षा शे-दीडशे रुपयांत बंद पाडण्याची ही सोय आहे, आणि ‘पैसे वसूल’ हा शब्द तिच्याइतका कोणत्याही वस्तूला लागू पडत नाही. खुद्द केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितले, की चार मुख्यमंत्र्यांच्या गाड्यांत पुढच्या सीटवर बसले असता त्यांना तिथेही ही क्लिप आढळली. सामान्य माणसाला व्हीआयपींच्या बरोबरीने बसवणाऱ्या वस्तू देशात फार थोड्या आहेत.

गडकरींच्या या बोलण्याला निमित्त झाला तो अपघात याच भागातल्या महामार्गावरचा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री उदवाड्याहून मुंबईला परतत असताना पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर गाडी कठड्यावर आदळली. मागच्या सीटवरचे, सायरस मिस्त्री यांच्यासह, दोघे गेले, आणि त्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते. गाडी चांगली होती, बेल्टही चांगले होते. सिल्वासा-वापीहून मुंबईला जाणारे रोज याच पुलावरून जातात, त्यामुळे पुढचे काही आठवडे या पट्ट्यात मागच्या सीटवरचे बेल्ट शोधण्याची मोहीम निघाली. ते सापडले सीट कव्हरच्या खाली, शेंगदाण्याची टरफले, एक रुपयाची नाणी आणि हरवलेल्या कानातल्याच्या सोबतीने. कव्हर शिवणाऱ्याने त्यांच्यासाठी भोके ठेवलेलीच नव्हती, कारण त्याला कोणी तसे सांगितले नव्हते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, स्नॅपडील, शॉपक्लूज आणि मीशो यांना या क्लिपा विक्रीतून हटवायला सांगितले आणि अशा १३,११८ नोंदी उतरवल्या गेल्या. प्राधिकरणाने सोबत दिलेला सरकारी आकडा हसू थांबवणारा होता: २०२१ मध्ये बेल्ट न लावल्याने १६ हजारांहून अधिक माणसे दगावली. याच चौकशीत असेही दिसले, की काही विक्रेते ही क्लिप बाटली उघडण्याचा ओपनर किंवा सिगारेट लायटर म्हणून विकत होते. शेजारच्या गुजरातेत दारूबंदी आणि सिल्वासात दारूची दुकाने, असा इथला भूगोल असल्याने ओपनरच्या रूपात आलेला हा सुरक्षा-दोष इथल्या मातीत विशेष रुजेल, अशी भीती वाटणे साहजिक आहे.

बेल्ट लावण्याच्या स्थानिक पद्धतीही या भूगोलाशी जुळवून घेतलेल्या असतात. गाडी गुजरातच्या हद्दीशी आली की आतून एक हाक येते: “पोलीस!” लगेच चार हात चार बेल्टांकडे जातात. हवालदार मात्र बेल्टकडे बघतच नाही, डिकी उघडायला सांगतो आणि सीटखाली वाकून बघतो. त्याला बाटली हवी असते. बाटली नसल्याची खात्री होताच तो हात हलवतो, गाडी सुटते आणि बेल्टही सुटतात. बेल्ट न लावल्यास दंड होतो, तेव्हा मधल्या दोन मिनिटांत चौघांचा दंड वाचला, या हिशेबाने गाडीत एकच आनंद पसरतो. घरातली करती बाई तेवढी या हिशेबात सामील होत नाही.

“अहो, लावा ना तो बेल्ट.”

“लावलाय की!”

“हा तुमच्या पाठीमागून गेलाय.”

“पण लावलाय ना? भोंगा वाजतोय का?”

दुसरा मान बंपरपुढच्या लोखंडी गार्डचा. टक्कर झाली की गाडीचा पुढचा भाग हळूहळू चुरगळावा आणि सेन्सरला धक्का नीट कळावा, अशी आखणी कारखान्यात केलेली असते. मालक शोरूममधून निघतो तो थेट गार्ड बसवायला, आणि त्या जाडजूड पाइपांमुळे ही आखणी निकालात निघते. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये असे गार्ड बेकायदा असल्याचे राज्यांना कळवले. गार्डवाल्यांचे म्हणणे वेगळे आहे: “बंपरला ओरखडा आला तर?” ओरखडा दिसतो, सेन्सर दिसत नाही. भारतीय घरात न दिसणाऱ्या वस्तूला मान मिळायचा तर ती एकतर देव असावी लागते नाहीतर फिक्स्ड डिपॉझिट.

देवांचाच विषय निघाला आहे, तर डॅशबोर्डाकडेही बघायला हवे. पुढच्या प्रवाशाची एअरबॅग ज्या झाकणाखाली असते, ती सपाट जागा गणपती ठेवायला जणू मापून बनवल्यासारखी असते. तिथे दुहेरी टेपने मूर्ती बसते, बाजूला अत्तराची बाटली, समोर प्लास्टिकचे फूल. ही पिशवी ताशी दोनशे-तीनशे किलोमीटर वेगाने उघडते. वेळ आलीच तर पिशवी आणि प्रवासी यांच्या मध्ये विघ्नहर्त्यालाच उभे केले आहे, हे मूर्ती बसवणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. सीटच्या कडेला एअरबॅग असलेल्या गाड्यांना घट्ट शिवलेले लेदरचे कव्हर घालणे हा याच भक्तीचा पुढचा अध्याय. बाहेर बंपरखाली लिंबू-मिरची असतेच. ती मात्र दर शनिवारी न चुकता बदलली जाते. गाडीतला एवढा एकच सुरक्षा-भाग असा आहे, ज्याचे सर्व्हिसिंग कधी चुकत नाही.

दोष जन्मजात निघाला आणि त्यातून इजा झाली, तर ग्राहकाला न्यायाचा रस्ता मोकळा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या जबाबदारीचे स्वतंत्र प्रकरण आहे. एअरबॅगबद्दलचा गाजलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने २० एप्रिल २०२२ रोजी दिला. ऑगस्ट २०१५ मध्ये घेतलेल्या ह्युंदाई क्रेटाचा नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत रस्त्यावर अपघात झाला आणि एअरबॅग उघडल्याच नाहीत. समोरून पुरेशा जोराची धडक बसली तरच त्या उघडतात, अशी कंपनीची बाजू होती. न्यायालयाने ती मानली नाही. वेग आणि बल यांची गणिते मांडून टकरीचा जोर काढायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा जाणकार नसतो, अशा अर्थाचे न्यायालय बोलले आणि गाडी बदलून देण्याचा व तीन लाख रुपये भरपाईचा आदेश कायम राहिला. दहावीला विज्ञानात काठावर सुटलेल्या तमाम वाहनधारकांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला हा दिलासा होता. त्यापुढचा धडा मात्र कोणी वाचला नाही. भौतिकशास्त्र कळत नाही हे न्यायालयात चालते, पुलाच्या कठड्यापुढे चालत नाही.

या सगळ्याचा ग्राहकाच्या विश्वासावर काय परिणाम होतो? तो उडतो, असे सरसकट म्हटले जाते. किलवणी नाक्यावरचे चित्र तसे नाही. विश्वास उडत नाही, फक्त जागा बदलतो. जी कंपनी ‘आमच्या भागात खोट असू शकते, घेऊन या, बदलून देतो’ म्हणते, तिच्यावरून तो उठतो, आणि ज्या मिस्त्रीने जन्मात एकही खोट कबूल केलेली नाही, त्याच्यावर जाऊन बसतो. ‘शक्यता नाकारता येत नाही’ म्हणणारा अप्रामाणिक ठरतो, ‘काही होत नाही’ म्हणणारा देवमाणूस. लग्न जुळवताना, डॉक्टर निवडताना आणि मत देताना हाच नियम पाळला जात असल्याने गाडीपुरता वेगळा न्याय लावण्याचे कारण कोणाला दिसत नाही. कंपन्यांनाही हा नियम पाठ असतो. म्हणून तर त्या चूक मान्य करताना इतक्या जपून बोलतात, की बोलण्यावरूनच संशय यावा.

आपली गाडी परत बोलावलेल्यांच्या यादीत आहे का, हे पाहण्याची पद्धत सोपी आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा सेवाकेंद्राच्या फोनवर चॅसिस क्रमांक द्यायचा. हा क्रमांक सतरा आकडी-अक्षरी असतो, आरसी बुकवर छापलेला असतो आणि भारतात बनलेल्या गाडीचा बहुधा ‘एम’ने सुरू होतो. वाचताना घोळ होऊ नये म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरतच नाहीत. घोळ तरीही होतो.

“पुढे ओ.”

“ओ नसतो सर, शून्य असेल.”

“मला ओ दिसतोय. गाडी माझी आहे.”

जुनी गाडी घेतली असेल तर कागद आधी स्वतःच्या नावावर करून घ्यावेत, म्हणजे इशारा वलसाडच्या काकांकडे जाणार नाही. सुरक्षा-भाग बिलावर घ्यावेत आणि दुकानदार ‘बिल कशाला, घरचंच दुकान आहे’ म्हणाला तर घरी जावे. पेटलेला दिवा विझवण्याआधी तो का पेटला हे विचारावे. खाचेतली क्लिप उपसून बाटल्यांसाठी वापरावी, विक्रेत्याचा शब्द तरी खरा होईल. क्रमांक तपासायला पाच मिनिटे लागतात, भाग आला असेल तर तो बदलायला फार तर अर्धा दिवस आणि बेल्ट लावायला दोन सेकंद. यातल्या ज्या कामाला वेळच मिळत नाही असे सगळे सांगतात, ते काम दोन सेकंदांचे आहे.